शस्त्रक्रियेनंतर उरलेले डोळ्याचे थेंब : घरचं औषध समजू नका

सप्टेंबर २०२४ मध्ये डोळ्यांच्या एका औषधाची देशभर चर्चा झाली. मुंबईच्या एन्टॉड फार्मास्युटिकल्स या कंपनीच्या ‘प्रेसव्यू’ या थेंबांना, चाळिशीनंतर जवळचं अस्पष्ट दिसतं त्यासाठी, मंजुरी मिळाली होती. आता चष्मा सुटणार, अशा थाटात बातम्या आल्या आणि १० सप्टेंबरला केंद्रीय औषध नियंत्रकांनी परवानगी स्थगित केली. आक्षेप असा होता की हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायचं आहे, पण प्रसिद्धी मात्र कुणीही दुकानातून आणून घालावं अशी झाली.

त्या थेंबांत पायलोकार्पिन होतं. ते डोळ्याची बाहुली लहान करतं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरच्या थेंबांशी त्याचा संबंध नाही. पण चिठ्ठीचं औषध चिठ्ठीशिवाय वापरलं जाण्याची ही सवय आपल्या घरात खूप जुनी आहे. वारज्यात राहत असाल तर महामार्गाची धूळ आणि चुरचुरणारे डोळे तुम्हाला नवे नाहीत. अशा वेळी आजीच्या ऑपरेशनची उरलेली बाटली फ्रिजमधून निघते आणि नातवाच्या डोळ्यात दोन थेंब पडतात. त्या बाटलीत नेमकं काय आहे, हे समजून घेऊ.

थेंब कशासाठी देतात?

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया छोट्या छेदातून होत असली तरी डोळ्याच्या दृष्टीने ती जखमच असते. शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सोडतं. त्यामुळे डोळा लाल होतो, दुखतो, उजेड सहन होत नाही. काही जणांच्या पडद्याच्या मध्यभागी पाणी साठून सूज येते. ही सूज बहुधा चार ते सहा आठवड्यांनी लक्षात येते. म्हणजे सुरुवातीला छान दिसू लागलेली नजर महिन्याभराने पुन्हा अस्पष्ट होऊ शकते. मधुमेह असलेल्यांत हा धोका जास्त असतो.

सूज कमी करणारे थेंब दोन प्रकारचे

पहिला प्रकार स्टिरॉइडचा : प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट. हे प्रभावी असतात, पण काही आठवडे वापरल्यावर डोळ्यातला दाब वाढू शकतो. साधारण तीन जणांत एकाचा दाब थोडाफार वाढतो. शंभरात चार ते सहा जणांचा बराच वाढतो. हा दाब सहसा दुखत नाही. आधी कडेची नजर जाते आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.

दुसरा प्रकार स्टिरॉइड नसलेला : नेपाफेनॅक, केटोरोलॅक, ब्रोमफेनॅक, फ्लुर्बिप्रोफेन. यातले काही शस्त्रक्रियेच्या आधीच सुरू करतात, कारण शस्त्रक्रिया चालू असताना बाहुली मोठी राहायला त्यांची मदत होते. यांनी दाब वाढत नाही, पण बुबुळावरच्या पारदर्शक पटलाची जखम भरायला उशीर होऊ शकतो. १९९९ मध्ये अमेरिकेत काही रुग्णांचं हे पटल विरघळल्याच्या तक्रारी आल्या आणि डायक्लोफेनॅकचे एका कंपनीचे जेनेरिक थेंब बाजारातून मागे घेतले गेले. मधुमेह, संधिवात किंवा डोळ्यांचा तीव्र कोरडेपणा असेल तर हे थेंब सुरू करण्याआधी डॉक्टरांना नक्की सांगा.

मग दोन्ही कशाला? युरोपात झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मधुमेह नसलेल्या सुमारे ९०० रुग्णांची तुलना केली होती. पहिल्या बारा आठवड्यांत पडद्याची सूज फक्त स्टिरॉइड घेणाऱ्यांत ५.१ टक्के, फक्त ब्रोमफेनॅक घेणाऱ्यांत ३.६ टक्के आणि दोन्ही घेणाऱ्यांत १.५ टक्के आढळली. म्हणून तुमच्या चिठ्ठीवर दोन बाटल्या दिसल्या तर डॉक्टरांनी उगाच औषध वाढवलं असं समजू नका.

चिठ्ठीवरची शेवटची तारीख

स्टिरॉइडचे थेंब बहुधा दिवसातून चार ते सहा वेळा सुरू करून दर आठवड्याला कमी करत चार ते सहा आठवड्यांत थांबवतात. लाली गेली म्हणून दहाव्या दिवशी अचानक बंद केलेत तर सूज उलटू शकते. बरं वाटतं म्हणून तीन महिने चालू ठेवलेत तर दाबाचा धोका. म्हणून थेंब सुरू करण्याच्या तारखेइतकीच ते थांबवण्याची तारीख महत्त्वाची आहे, आणि सगळ्यात जास्त तीच विसरली जाते.

साथीत काय झालं?

जुलै २०२३ मध्ये आळंदीत डोळे येण्याची साथ पसरली. ऑगस्टपर्यंत राज्यातला रुग्णांचा आकडा लाखांत गेला. स्वतःच्या मनाने स्टिरॉइडचे थेंब घालू नका, असं तेव्हा नेत्रतज्ज्ञ सांगत होते. विषाणूने डोळे आले असताना स्टिरॉइड घातलं की लाली उतरते आणि बरं वाटतं, पण विषाणू डोळ्यात जास्त दिवस राहतो. तो हर्पिसचा असेल तर पटलाची जखम खोल जाऊन कायमचा डाग राहू शकतो.

स्टिरॉइडचे थेंब ‘शेड्यूल एच’ मध्ये येतात. चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. तरी अडचण राहते ती नावांची. अनेक कंपन्या मूळ अँटिबायोटिकच्या नावापुढे एखादं अक्षर जोडून त्यात स्टिरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेली बाटली विकतात. अक्षर बदललं की औषध बदलतं. दुकानदाराला नुसतं नाव सांगून ‘तेच द्या’ म्हणालात तर चुकीची बाटली हाती पडू शकते.

घरी एवढं करा

१. बाटलीवरच्या नावाखाली छापलेले घटक चिठ्ठीशी जुळवा. बाटली उघडल्याची आणि थेंब थांबवण्याची तारीख खोक्यावर पेनाने लिहा.

२. ‘हलवून वापरा’ असं लिहिलं असेल तर हलवाच. औषध तळाशी बसलेलं असतं. दोन थेंबांत किमान पाच मिनिटांचं अंतर ठेवा.

३. बाटलीचं टोक पापणीला लावू नका. उघडून महिना झाला की, लेबलवर वेगळी मुदत नसेल तर, बाटली टाकून द्या.

४. घरात काचबिंदू असेल किंवा पूर्वी थेंबांनी दाब वाढला असेल तर शस्त्रक्रियेआधीच सांगा. दाब तपासायला बोलावलेली तारीख चुकवू नका.

थांबू नका

शस्त्रक्रियेनंतर दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, नजर अचानक कमी झाली, लाली वाढली किंवा पू आला तर थेंब वाढवून वाट पाहू नका. हा डोळ्याच्या आतला संसर्ग असू शकतो आणि स्टिरॉइड त्याची लक्षणं काही काळ झाकू शकतं. रात्र असली तरी ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांना फोन करा आणि डोळा दाखवा. जाताना वापरात असलेल्या सगळ्या बाटल्या सोबत न्या, म्हणजे डोळ्यात आजवर काय गेलं हे तपासणाऱ्याला लगेच कळेल.