पहिला डाव

गेल्या दिवाळीच्या सुटींत डोंबिवलीस एका घरीं आम्ही फराळास गेलों असतां एक तंटा निकालासाठीं आमच्यापुढें आला. वादी व प्रतिवादी दोघे मावसभाऊ. धाकटा डोंबिवलीचा, सहावींत शिकणारा. थोरला कल्याणचा, नववींतला. धाकट्यानें आईच्या मोबाइलवर बस चालविण्याचा एक खेळ नुकताच उतरवून घेतला होता व तो अजून एकदांही खेळला नव्हता. थोरल्याचें म्हणणें असें कीं, खेळ सुरू करण्यापूर्वींच त्यांत आपली लाल एस्. टी. घालून घ्यावी, भोंगा बदलावा आणि मगच गाडी बाहेर काढावी. "मीं महिनाभर त्या परक्या गाडीवर फुकट घालविला, तूं तरी घालवूं नको," असा त्याचा कळकळीचा उपदेश होता. धाकटा हट्टास पेटला होता. "दादा, आधीं मला त्यांची गाडी बघूं दे ना!" एवढेंच तो पुनःपुन्हा म्हणे. धाकट्याच्या आईनें स्वयंपाकघरांतून मोबाइल जप्त करण्याची धमकी दिली, तेव्हां दोघेही आमच्याकडे वळले. "काका, आतां तुम्हीच सांगा."

त्या वेळीं आमच्या तोंडांत चकली होती. ती टाकून न्यायासनावर बसणें आम्हांस जमलें नाहीं. पण प्रश्न मनांतून जाईना. ठाणें, कल्याण, डोंबिवली येथील पुष्कळ घरांत हा किंवा ह्यासारखा प्रश्न मुलांपुढें येत असतो, व तो पालकांच्या कानींही जात नाहीं. म्हणून त्याचा निकाल आम्ही ह्या पानांवर, जरा उशिरानें, देत आहोंत.

ज्या पालकांस 'मॉड' हा शब्द अपरिचित असेल त्यांच्यासाठीं थोडा खुलासा करणें अवश्य आहे. खेळ तयार करणाऱ्या मंडळीनें नव्हे, तर खेळणाऱ्यांपैकींच कोणी हौसेनें त्या खेळांत केलेला फेरफार म्हणजे मॉड. त्यांत कधीं नवी गाडी असते, कधीं नवा रस्ता, कधीं नियमांतच बदल. तो मूळ खेळांत बसवितां येतो व नको झाल्यास काढून टाकतां येतो. वरील तंटा ज्यावरून झाला तो 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' हा खेळ इंडोनेशियांतील मालेओ नांवाच्या कंपनीनें २०१७ सालीं काढला. दुसऱ्या कोणीं घडविलेली गाडी त्यांत घालण्याची सोय कर्त्यांनींच ठेविली आहे, म्हणून आमच्याकडील हौशी तरुणांनीं त्यासाठीं एस्. टी. च्या नाना तऱ्हेच्या गाड्या घडविल्या आहेत, व त्या खरोखरच सुबक असतात.

मॉड वापरणें हा अपराध नव्हे, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. नाहींतर शाळेच्या वार्षिकांत लिहिणारीं वडील माणसें नव्या गोष्टीच्या विरुद्धच असावयाचीं, असा बालवाचकांचा ग्रह होईल. खेळ आपल्या जागेप्रमाणें बदलून घेणें हें तर आमच्या हाडींमांसीं खिळलेलें आहे. डोंबिवलीच्या इमारतींच्या अंगणांत जें क्रिकेट चालतें तें पाहावें. एक टप्पा पडलेला चेंडू झेलला तरी फलंदाज बाद. चेंडू भिंतीपलीकडे गेला तर षट्कार नव्हे, तोही बादच, आणि चेंडू आणावयाचा त्यानेंच. तळमजल्याच्या काचेस लागला तर डाव संपला व सर्व खेळाडू दिसेनासे झाले. लहान भावंडास लिंबूटिंबू म्हणून घ्यावयाचें, म्हणजे तें कितीही वेळां बाद झालें तरी बाद नाहीं. हे सारे मॉडच होत. अंगणाच्या लांबीरुंदीनें व शेजाऱ्यांच्या स्वभावानें ते घडविले आहेत, आणि मोठ्या शहाणपणानें घडविले आहेत.

बाहेरच्या जगांतही तेंच. १९९८ सालीं 'हाफ-लाइफ' नांवाचा खेळ निघाला. मिन्ह ली व जेस क्लिफ ह्या दोन महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनीं त्यांत फेरफार करून १९९९ मध्यें 'काउंटर-स्ट्राइक' तयार केला. तो इतका लोकप्रिय झाला कीं, मूळ खेळाच्या कर्त्या व्हॉल्व्ह कंपनीनें २००० सालीं तो स्वतः बाजारांत आणिला. आज चाळिशीकडे झुकलेल्या कित्येक पालकांनीं सायबर कॅफेंत तासाला पैसे मोजून तो खेळला असेल, व घरीं क्लासला गेलों होतों असें सांगितलें असेल. (तो बंदुकांचा खेळ आहे, आणि आम्ही त्याची शिफारस करीत नाहीं.) पण मूळ खेळ पुरता जाणल्यावांचून त्यांत काय बदलावें हें कोणास कळणार?

येथेंच आमचा निकाल धाकट्याच्या बाजूस झुकतो. मॉड दुसऱ्या दिवशीं घालतां येतो, दहाव्या दिवशींही येतो. पण पहिला डाव एकदांच असतो. खेळ पाहून मग बदलणें व बदलून मग पाहणें ह्या दोन गोष्टी सारख्या नाहींत, कारण दुसऱ्या रीतीनें काय बदललें हेंच मुळीं कळत नाहीं.

भोंग्याचीच गोष्ट घ्या. इंडोनेशियांत बसगाड्यांना अनेक स्वरांचे सुरेल भोंगे बसविण्याची हौस आहे. २०१६ सालीं तेथील मुलें हातांत फलक घेऊन रस्त्याच्या कडेस उभीं राहात व येणाऱ्या चालकास 'ओम तेलोलेत ओम' म्हणून विनवीत. 'ओम' म्हणजे काका, आणि 'तेलोलेत' हा त्या भोंग्याचा आवाज. "काका, वाजवा ना, काका!" एवढाच त्या वाक्याचा अर्थ, पण त्या वर्षाच्या अखेरीस तें साऱ्या जगभर गेलें. हा भोंगा प्रस्तुत खेळांत मुद्दाम घातलेला आहे. दादाच्या सल्ल्याप्रमाणें पहिल्याच दिवशीं आपला ओळखीचा भोंगा बसविला असता, तर धाकट्याच्या कानीं तो स्वर कदाचित् कधीं पडलाच नसता, आणि आपल्यासारखींच कांहीं मुलें दूर समुद्रापलीकडे चालकास 'काका' म्हणून हांक मारतात, हें जाणून घेण्याची संधि गेली असती. तिकडेही वाहनें आमच्याप्रमाणेंच रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालतात. हेंही त्यास खेळतां खेळतांच कळेल.

एस्. टी. आम्हांस अप्रिय आहे असें कोणीं समजूं नये. १ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगरास तिची पहिली गाडी सुटली; कल्याणहून निघून मुरबाडवरून माळशेज घाट चढणारी तिची गाडी पावसाळ्यांत धुक्यांतून वळणें घेते तेव्हां आमचाही ऊर भरून येतो. पण ती तर आमची रोजचीच. परदेश पाहावयास निघालेल्यानें आपलें अंगण गुंडाळून बरोबर कां न्यावें?

आणि दादाचा तो 'फुकट गेलेला' महिना! त्याच महिन्यानें त्यास मूळ गाडीचा ब्रेक, वळण व वेग अंगवळणीं पडला, म्हणून एस्. टी. घातल्याबरोबर "हिचा ब्रेक जरा उशिरां लागतो" हें त्यानें तत्काळ ओळखलें. आम्हांस त्यानेंच तें अभिमानानें सांगितलें. हें ज्ञान तो आपल्या भावास देऊं पाहात होता, पण तें ज्या वाटेनें आलें ती वाट मात्र बंद करूं पाहात होता. वडीलधाऱ्यांची माया पुष्कळदां अशीच चुकते. आमचीही चुकली आहे.

दुसरें उदाहरण 'माइनक्राफ्ट' ह्या स्वीडनमधील खेळाचें. तो २०११ च्या नोव्हेंबरांत पूर्ण स्वरूपांत प्रसिद्ध झाला व आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांस तो ठाऊक आहे. खेळणारा एका अनोळखी रानांत रित्या हातांनीं उभा असतो. तेथील दिवस व रात्र मिळून २० मिनिटांत उरकतात. हातांनींच झाड फोडून लांकूड मिळवावें, अंधार पडण्यापूर्वीं कसाबसा आडोसा उभारावा, आणि भिंतीबाहेर भुतें कण्हत असतां आंत जीव मुठींत धरून सकाळची वाट पाहावी, अशी ती पहिली रात्र. आतां ह्या खेळासाठीं असे मॉड आहेत कीं, कोपऱ्यांत सतत नकाशा दिसतो व त्यावर भुतेंही ठिपक्यांच्या रूपानें दिसतात. एका घावांत संपूर्ण झाड आडवें होतें. अनुभवी माणसास हे सोईचे आहेत. पण नवख्यानें पहिल्याच दिवशीं ते घातले तर त्यास ती रात्र लाभतच नाहीं. नकाशा नसतां गुहेंत शिरलेलीं मुलें काय करतात तें आम्हीं पाहिलें आहे: जातांना मशाली सर्व एकाच हातास, उजव्या भिंतीवर लावीत जावयाचें, म्हणजे परततांना त्या डाव्या हातास दिसल्या कीं वाट बरोबर. ही युक्ति एका मुलीस दोनदां हरवल्यावर आपोआप सुचली. ती जगांत पुष्कळांस सुचलेली आहे हें तिला मागाहून कळलें, तरी तिचा आनंद कमी झाला नाहीं.

येथें एकादा जाणता वाचक आम्हांस अडवील. तो म्हणेल, आमच्या पूर्वजांनीं शेक्सपिअरचा 'ऑथेल्लो' कोठें मूळांत पाहिला होता? गोविंद बल्लाळ देवलांनीं १८९० सालीं त्याचा 'झुंझारराव' केला. नांवें, वेष, भाषा सर्व पालटलें. लोकांनीं पहिल्या प्रथम तोच पाहिला. मग ते फसले काय?

ह्या आक्षेपापुढें आम्ही मान लववितों. ते फसले नाहींत, कारण मूळ नाटकाचें दारच इंग्रजी न जाणणाऱ्यांस बंद होतें, आणि देवलांनीं तें उघडलें. असे मॉडही आहेत. जपानांत २००६ सालीं निघालेला 'मदर ३' हा खेळ केवळ जपानी भाषेंतच मिळत असे. २००८ मध्यें परदेशांतील हौशी मंडळीनें स्वतः खपून त्याचें इंग्रजी रूपांतर केलें. ज्यास जपानी येत नाहीं त्यानें तें पहिल्या दिवसापासून वापरावें. आमच्या परिचयाच्या एका विद्यार्थ्यास तांबडा व हिरवा हे रंग निराळे ओळखतां येत नाहींत. एका खेळांत शत्रु तांबडे व मित्र हिरवे. बिचारा स्वकीयांवरच तुटून पडे व सोबत्यांचीं बोलणीं खाई. रंगांऐवजीं आकृति दाखविणारा मॉड त्यास कोणीं तरी दिला तेव्हां त्याचा पहिला खरा डाव झाला. बारीक अक्षरें मोठीं करणारे, कर्त्यांच्या हातून राहून गेलेल्या चुका दुरुस्त करणारे मॉड ह्याच जातीचे. कर्त्यानें जी अडचण मुद्दाम ठेविली नाहीं, ती दूर करण्यास पहिल्या डावाचीही वाट पाहूं नये. रानांतली रात्र त्यानें मुद्दाम ठेविली आहे. दोहोंतला भेद दर वेळीं स्पष्ट असतोच असें नाहीं. शंका आल्यास आधीं तासभर खेळून पाहावें.

"पण वेळ कोठें आहे?" हा पालकांचा प्रश्न. सकाळीं डोंबिवलीहून दाराशीं लोंबकळत लोकलनें मुंबईस जाणारे वडील, शाळा, क्लास, आणि रविवारचा एक तास खेळास. त्या एका तासांत मुलानें रानांत हरवत बसावें काय? आम्हांस वाटतें, बसावें. तो तास लवकर कोठें पोंचण्यासाठीं दिलेलाच नाहीं.

आतां पालकांसाठीं एक गोष्ट निराळी व गंभीर. मुलें ज्यास 'मॉड एपीके' म्हणतात तें वरील सर्वांहून अगदीं भिन्न प्रकरण आहे. कोणीं तरी मूळ खेळ फोडून, विकत घेण्याच्या वस्तु त्यांत फुकट करून, ती फाइल भलत्याच ठिकाणीं ठेविलेली असते. ती घेण्यासाठीं मोबाइलचें संरक्षण मुलास आपल्या हातानें सैल करावें लागतें, आणि तिच्या पोटांत दुसरें काय दडलें आहे हें कळण्यास मार्ग नसतो. मोबाइलवर आलेले संदेश चोरून वाचणाऱ्या गोष्टीही अशा वाटेनें शिरतात. ज्या मोबाइलवर आईचें बँकेचें खातें व यूपीआय आहे त्यावर हा धोका पत्करणें म्हणजे अनोळखी माणसाच्या हातीं घराची किल्ली देणें होय. शिवाय खेळ करणाऱ्याच्या श्रमाचे पैसे बुडतात तें वेगळेंच. येथें पहिला डाव व दहावा डाव असा भेद आम्ही करीत नाहीं. कोठल्याही डावास तें नको. इतरांशीं स्पर्धा चालू असतां गुपचूप मॉड लावणें ही तर उघड लबाडी. त्याविषयीं अधिक लिहावयास नको.

एवढा निकाल लिहून झाल्यावर तो ऐकविण्यासाठीं आम्हीं डोंबिवलीस फोन केला. धाकट्यानें चार दिवस 'त्यांची' गाडी चालविली होती व भोंगा त्यास फारच आवडला होता. आतां तो एस्. टी. घालणार आहे, पण तींत भोंगा इंडोनेशियाचाच ठेवणार आहे. दादास हें मुळींच मान्य नाहीं, आणि दोघांत नवा तंटा उभा राहिला आहे. त्याचा निकाल देण्याचें आम्हीं नाकारलें. तूर्त सहामाहीचे गुण हातीं आल्यामुळें मोबाइल आईच्या कपाटांत आहे, व गाडी इंडोनेशियांत कोठल्याशा थांब्यावर उभी आहे.