गटार, नळ आणि दंगल

मोहल्ला कमिटी ही पोलीस खात्याच्या आतून निघालेली कल्पना. ती भिवंडीत रुजली, मुंबईत तिची नागरी चळवळ झाली आणि त्या चळवळीचा पुढे रीतसर न्यासही झाला. हिंदू-मुस्लिम दंगल होऊ नये हा तिचा हेतू आहे. बैठकीतले बरेचसे विषय मात्र धर्माचे नसतात.

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती, उत्तर प्रदेशातून आलेले विणकर, तेलुगू पद्मशाली, आसपासचे आगरी असे सगळे तिथे दाटीवाटीने राहतात. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी तिथे दंगल पेटली. तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन आयोग नेमला गेला. मे १९८४ मध्ये पुन्हा तेच घडले आणि या वेळी झळ ठाणे-मुंबईपर्यंत पोहोचली. राज्यात कुठेही ठिणगी पडली की आधी भिवंडीचे नाव घ्यायचे, अशी शहराची ख्याती झाली.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून तिथे आले. शांतता कमिट्या तेव्हाही होत्या, पण त्यांचा साचा ठरलेला. सण जवळ आला की ठाण्यात बोलावणे जाते, दोन्ही बाजूंचे पुढारी खुर्च्यांवर बसतात, सलोख्याची भाषणे होतात, चहा होतो, बैठक संपते. ज्यांच्या हाकेवर दंगल पेटू शकते, त्यांनाच ती विझवायला बोलावण्याची ही पद्धत अजूनही अनेक गावांत चालू आहे. खोपडे यांनी ती बाजूला ठेवली. त्यांनी गल्लीगल्लीतून साधी माणसे निवडली, दोन्ही समाजांची संख्या साधारण सारखी ठेवली आणि अशा सुमारे ७० कमिट्या उभ्या केल्या. बैठका नियमित घेतल्या जात. सणाची किंवा तणावाची वाट पाहिली जात नसे. या बैठकांचा फायदा दुहेरी होता. शेजाऱ्यांना एकमेकांची नावे, घरे, कामधंदे ठाऊक झाले. हवालदाराचीही रहिवाशांशी ओळख झाली. दंगलीचे खरे इंधन अफवा असते. मशिदीत हत्यारे साठवली आहेत किंवा देवळावर दगड पडला असे कानावर आले, तर विचारायला पलीकडच्या गल्लीत ओळखीचे कुणी असेल तरच ती अफवा तिथल्या तिथे मरते.

६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली, त्यानंतर या रचनेची कसोटी लागली. मुंबई डिसेंबरमध्ये आणि पुन्हा जानेवारीत जळत राहिली. अवघ्या काही मैलांवरची भिवंडी शांत होती. खोपडे यांनी पुढे ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ याच नावाचे पुस्तक लिहिले. राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतीय शहरांतील दंगलींवरच्या २००२ च्या ग्रंथात भिवंडीचा दाखला घेतला आहे. शेजाऱ्यांची रोजची ये-जा आणि संस्था, संघटना, कमिट्यांमधला संबंध यांत ते फरक करतात. मोठ्या शहरात दुसरा संबंधच अधिक टिकाऊ ठरतो, असे त्यांचे प्रतिपादन. ईदचा शिरखुर्मा आणि दिवाळीचा फराळ यांची देवघेव मुंबईतही होतीच. तिने मुंबई वाचली नाही.

मुंबईच्या दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार त्या दोन महिन्यांत ९०० माणसे मेली. आयोगाने पोलिसांच्या पक्षपातावरही बोट ठेवले. मुस्लिम वस्त्यांचा खाकीवरचा विश्वास तळाला गेला होता. अशा वेळी, १९९४ मध्ये, माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, तत्कालीन आयुक्त सतीश सहानी आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी पुढाकार घेऊन मुंबईत मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. त्यातूनच मोहल्ला कमिटी मूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. भिवंडीत पोलिसांनी नागरिकांना जोडले होते. मुंबईत नागरिकांनी पोलिसांना पुन्हा वस्तीत आणायचे होते, आणि हे काम अधिक अवघड. दंगलीवर थेट बोलू गेले की माणसे गप्प होत. तुंबलेले गटार, न येणारे पाणी, उचलला न गेलेला कचरा हे विषय निघाले की दोन्ही समाजांच्या बायका आधी बोलत्या होत. गटाराला धर्म नसतो. मोहल्ल्यातील तरुण आणि पोलीस यांना एकाच मैदानावर उतरवणारी ‘क्रिकेट फॉर पीस’ ही स्पर्धाही याच विचारातून आली.

जानेवारी १९९३ मध्ये होरपळलेल्या धारावीत हे काम सर्वांत ठळक दिसते. भाऊ कोरडे आणि वकार खान या जोडीने तिथे मोहल्ला कमिटी चालवली. खान यांचा कपडे शिवण्याचा व्यवसाय. चार मुले चार धर्मांच्या वेशात उभी आणि खाली ‘हम सब एक हैं’, हे त्यांचे पोस्टर शहरभर लागले. या दोघांच्या मैत्रीवर अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांनी २००३ मध्ये ‘नाता’ हा माहितीपट केला. चार वेशांचे ते चित्र भाबडे म्हणता येईल. पण ते ज्या भिंतींवर चिकटले त्या भिंतींनी दंगल पाहिलेली होती.

या कामावरचे आक्षेप निराधार नाहीत. कमिटीतला माणूस पोलिसांचा खबऱ्या समजला जातो. कधी कधी तो ठाण्यातल्या वजनाचा वापर स्वतःसाठी करतो. याहून गंभीर आक्षेप न्यायाचा. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल फेब्रुवारी १९९८ मध्ये सरकारकडे गेला, पण त्यात नावे आलेल्यांपैकी फार थोड्यांना शिक्षेची झळ लागली. ज्याचे घर जळाले त्याला सलोख्याच्या बैठकीला बोलवायचे आणि त्याच्या फिर्यादीचे काय झाले हे विचारायचे नाही, ही विसंगती कोणताही न्यास आपल्या बळावर मिटवू शकत नाही.

दुसरी मर्यादा बदलीची. अधिकारी बदलला की कमिटी कागदावर उरते. भिवंडीतही मूळ व्यवस्था हळूहळू ढिली पडली. ५ जुलै २००६ रोजी तिथे पुन्हा हिंसा झाली. या वेळी समोरासमोर दोन समाज नव्हते. कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यास विरोध करणारा जमाव आणि पोलीस आमनेसामने आले. गोळीबारात दोघे मेले. त्याच रात्री जमावाने दोन पोलिसांना ठार केले. वाद एका भूखंडाचा होता, म्हणजे नळ-गटाराच्याच जातीचा, कमिटीच्या चटईवर आधीच यायला हवा होता असा.