सोडणे आणि सुटणे

व्यसनाविषयी बोलताना मराठीत दोन क्रियापदे वापरली जातात. ‘त्यांनी सिगारेट सोडली’ असे आपण म्हणतो आणि ‘त्यांची सिगारेट सुटली’ असेही म्हणतो. दोन्ही वाक्ये एकाच अर्थाने, फारसा विचार न करता तोंडून निघतात. व्याकरणाच्या अंगाने पाहिले तर मात्र दोहोंत मोठे अंतर आहे. पहिल्या वाक्यात माणूस कर्ता आहे. त्याची इच्छा आहे आणि ती कृती एका क्षणी पुरी होते. दुसऱ्या वाक्यात माणूस षष्ठीत सरकला आहे. गाठ सुटावी, तशी ती गोष्ट घडते आहे आणि तिला वेळ लागतो आहे. सिगारेट सोडून पुन्हा तिच्याकडे वळलेल्या माणसाशी आपण जसे वागतो, त्यातला बराचसा कठोरपणा या दोन क्रियापदांच्या गल्लतीतून येतो, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

हे वाटण्याचे कारण वैयक्तिक आहे आणि ते मला फारसे भूषणावह नाही.

मी कोपरला राहते. डोंबिवली आणि दिवा यांच्या मधले हे स्थानक दोन पातळ्यांचे आहे. खाली धीम्या लोकल थांबतात आणि वरून दिवा-वसई मार्ग जातो. आमच्या महाविद्यालयात इतिहास शिकवणारे एक ज्येष्ठ सहकारी याच स्थानकावरून गाडी पकडतात. त्यांनी काही वर्षांपूर्वी गुढीपाडव्याला सिगारेट सोडली. पंचवीस वर्षांची सवय. स्टाफरूममध्ये आम्ही पेढे वाटले, प्राचार्यांनी सभेत उल्लेख केला. सात महिने उलटले. दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी स्थानकाबाहेरच्या टपरीपाशी सर मला दिसले. हातात सिगारेट होती. मी थांबले आणि हसत म्हटले, “काय सर, पाडवा संपला वाटतं?”

सरही हसले. दुसऱ्या दिवसापासून ते आधीच्या गाडीने जाऊ लागले. स्टाफरूममधला त्यांचा चहा बंद झाला. दोन-अडीच महिन्यांनी, परीक्षेच्या कामासाठी एकत्र बसलो असताना, ते आपणहून म्हणाले, “मॅडम, त्या दिवशी ती पहिलीच होती. आईला रुग्णालयात ठेवलं होतं, चार रात्री झोप नव्हती. एक ओढून टाकून देणार होतो. तुम्ही बोललात, गाडीत बसलात. मग मी दुसरी घेतली आणि संध्याकाळी पाकीट.”

त्यांनी मला दोष दिला नव्हता. इतिहासाचा माणूस घटनाक्रम सांगतो तसे ते सांगत होते. पण त्या क्रमात माझे वाक्य नेमके पहिल्या आणि दुसऱ्या सिगारेटच्या मध्ये होते.

व्यसनांच्या अभ्यासकांना हा मधला टप्पा चांगला परिचयाचा आहे. अ‍ॅलन मार्लॅट आणि ज्युडिथ गॉर्डन यांनी १९८५ साली या विषयावर ग्रंथ सिद्ध केला, त्यात घसरणे आणि कोसळणे या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या काढल्या. एखादी सिगारेट ओढली जाणे हे घसरणे. जुनी सवय पूर्ववत सुरू होणे हे कोसळणे. पहिल्यातून दुसरे अटळपणे येत नाही. त्या दोहोंच्या मध्ये माणूस स्वतःविषयी काय निष्कर्ष काढतो, यावर बरेच अवलंबून असते. ‘आज फार थकलो होतो, म्हणून ओढली’ असे तो म्हणाला तर परतायला वाट राहते. ‘मी असाच आहे, माझ्याच्याने होणार नाही’ असे म्हणाला की दुसरी सिगारेट ओढायला कारण मिळते; मोडलेले व्रत आता आणखी काय मोडणार! सर हा दुसरा निष्कर्ष काढायच्या उंबरठ्यावर उभे होते. तो काढायला मी त्यांना मदत केली.

आपल्या साहित्याने ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच मांडून ठेवली आहे. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर रंगभूमीवर आले. आपण ते वर्षानुवर्षे शिकवतो. सुधाकराचा अहंकार, तळीरामाचा विनोद, सिंधूचे पातिव्रत्य या ठरलेल्या मुद्द्यांवर टिपणे काढतो. पण सुधाकर मध्ये एकदा खरोखरच दारू सोडतो, हा भाग आपण घाईने ओलांडतो. तो निश्चय करतो, नोकरीच्या शोधात बाहेर पडतो. त्याच्या जुन्या लौकिकामुळे त्याला कोणी दारात उभे करत नाही. वाट्याला येतो तो अपमान. त्यानंतर तो पुन्हा प्याल्याकडे वळतो आणि या वेळचे वळणे अखेरचे ठरते. पहिल्या प्याल्याला वकिलीची सनद काही काळ गेल्याचे निमित्त होते. परतीच्या प्याल्यामागे मात्र सारे गाव आहे.

त्याच नाटकात भगीरथ आहे. तोही मद्यपी, पण त्याची दारू सुटते. का? तो सुधाकरापेक्षा अधिक निश्चयी आहे म्हणून? संहितेत याला आधार सापडत नाही. फरक असा की रामलाल त्याला हाती धरतो आणि लोकसेवेच्या कामाला लावतो. भगीरथाला करण्यासारखे काही मिळते आणि त्याच्यावर विश्वास टाकणारा माणूस मिळतो. सुधाकराने सोडली, भगीरथाची सुटली. नाटककाराला हा सिद्धान्त मांडायचा होता असा माझा दावा नाही. नाटकाचा रोख पहिल्या प्याल्याच्या अटळ परिणामाकडे आहे, हे उघड आहे. परंतु मोठी कलाकृती आपल्या प्रतिपाद्यापलीकडचेही काही नोंदवून ठेवते, ते असे.

गडकऱ्यांनंतर चारच वर्षांनी, १९२३ साली, त्रिएस्ते या शहरात राहणाऱ्या इटालो स्वेवोची ‘ला कोशेन्त्सा दी झेनो’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभीचे एक संपूर्ण प्रकरण सिगारेट सोडण्यावर आहे. नायक झेनो आयुष्यभर ‘शेवटची’ सिगारेट ओढत असतो. त्या शेवटच्या सिगारेटची तारीख तो लिहून ठेवतो. तारखेच्या आकड्यांत काही जुळणी दिसली की निश्चय अधिक पवित्र वाटतो. शेवटची म्हणून तिची चवही त्याला न्यारी लागते. प्रकरण वाचताना हसू येते आणि मग जाणवते की झेनोला चटक दोन गोष्टींची आहे, सिगारेटची आणि निश्चयाची. एक जानेवारी, पाडवा, मुलाचा वाढदिवस हे आपले मुहूर्त याहून निराळे नाहीत. मुहूर्त सोडण्याचा असतो. सुटणे मुहूर्तानंतरच्या साध्या दिवसांत चालते. तेथे पेढे वाटायला कोणी नसते.

आकडेही निश्चयाच्या बाजूने बोलत नाहीत. कोणतीही मदत न घेता, केवळ निर्धाराच्या बळावर सिगारेट सोडणाऱ्यांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ३ ते ५ इतकेच आढळते आणि परतणाऱ्यांपैकी बहुतेकजण पहिल्या आठ दिवसांतच परततात. म्हणजे पुन्हा ओढू लागणे हा अपवाद नव्हे, तो या प्रवासातला नेहमीचा टप्पा आहे. निकोटिन श्वासातून गेल्यावर काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. पंचवीस वर्षे, दिवसातून दहा वेळा, चहाबरोबर, गाडीची वाट पाहताना, वादानंतर, ज्या मेंदूला ते मिळत आले, तो एका पाडव्याला ते विसरेल अशी अपेक्षा शरीराविषयीच्या अज्ञानातून येते. भोवतालही विसरू देत नाही. राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट आणि विडीच्या विक्रीवर बंदी घातली. त्यानंतरही टपरीवर ‘एक सुटी’ मागणारा मी रोज ऐकते. पाकीट न घेता एकच घेता येणे, ही घसरण्याची सर्वांत सोपी जागा आहे.

मग सोबतच्या माणसाने करायचे काय? महाराष्ट्रात याचे उत्तर शोधताना मुक्तांगणचे नाव टाळता येत नाही. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या आर्थिक साहाय्याने डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात हे केंद्र सुरू केले. त्या वेळी निमित्त गर्दचे होते. व्यसन हा आजार आहे, ही तेथली मूळ भूमिका. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच तेथे इतरांसाठी काम करताना दिसतात आणि उपचारानंतरच्या पाठपुराव्याच्या बैठकांना उपचाराइतकेच महत्त्व दिले जाते. आजार म्हटले की उलटणेही आलेच. मलेरिया उलटला म्हणून आपण रुग्णाला टोमणा मारत नाही. ताप पुन्हा केव्हा चढला, एवढे विचारतो.

हा ‘केव्हा’ मला फार मोलाचा वाटतो. ‘का ओढलीत?’ या प्रश्नाला उत्तर नसते, केवळ समर्थन असते. ‘केव्हा ओढलीत?’ याला उत्तर असते: रात्री दोनला, रुग्णालयाच्या फाटकाशी, एकटा असताना. या उत्तरातून पुढच्या वेळची तजवीज करता येते. ओढण्याची तीव्र इच्छा बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढ्या वेळात एक फोन होतो, फलाटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालून येता येते. सोबत्याने तो फोन घ्यावा. आदल्या सात महिन्यांचा हिशेब पुसून टाकू नये; ते दोनशे दिवस शरीराने सिगारेटविना काढले आहेत, ते खरे आहेत. खिसे तपासू नयेत, शर्टाचा वास घेऊ नये. पहाऱ्यामुळे माणूस ओढणे थांबवत नाही, सांगणे थांबवतो. डॉक्टरांकडे जाण्याचे सुचवावे. निकोटिनचा च्युइंगगम, औषधे, समुपदेशन यांमुळे टिकण्याची शक्यता वाढते. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांकही आहे.

यावर एक रास्त आक्षेप आहे. अशा मऊपणाने माणूस सोकावणार नाही का? घसरण्याविषयी सौम्य असणे म्हणजे तंबाखूविषयी सौम्य असणे नव्हे. ‘एकाने काय होतंय, असू दे’ असे म्हणणारा सोबती तळीरामाच्या जवळ जातो. आणि दुसऱ्या टोकाला सिंधू आहे. ती काही मागत नाही, काही विचारत नाही, फक्त सोसते. तिच्या सोसण्यापुढे प्रेक्षक शंभर वर्षे रडला, परंतु सुधाकराला त्यातून उभे राहायला आधार मिळाला नाही. सरांच्या पत्नीने मला एकदा विचारले, “मी आणखी किती समजून घ्यायचं?” हा प्रश्न विचारण्याचा अधिकार सिंधूला नव्हता, वहिनींना आहे. सोबत करणाऱ्याने घरात धूर नको असे स्पष्ट सांगावे, स्वतःचा राग लपवू नये, आणि एकट्यानेच हा भार वाहू नये. दुसऱ्याचे सुटणे आपल्या हाती नसते. ते पुन्हा सुरू होण्याची वाट मोकळी ठेवणे, एवढेच आपल्या हाती असते.

सरांनी त्यानंतर पुन्हा सोडली. या वेळी पेढे नव्हते, डॉक्टर होते. मध्ये एकदा ते घसरले, तेव्हा त्यांनीच मला फलाटावर सांगितले. मी ‘केव्हा’ विचारले. त्यांनी सांगितले. मग गाडी आली.

येत्या सत्रात ‘एकच प्याला’ पुन्हा शिकवायचे आहे. सुधाकराच्या अधःपाताची कारणे लिहा, हा प्रश्न आपण सारेच घालत आलो आहोत. विद्यार्थ्यांना त्याची उत्तरे पाठ असतात. या वेळी मी तो बदलणार आहे. दारू सोडलेला सुधाकर नोकरी मागत ज्या दारांत उभा राहिला, त्यांपैकी एका दारातल्या माणसाने त्याला काय म्हणायला हवे होते, तेवढे लिहा, असे सांगणार आहे. माझेही उत्तर मी त्यांच्याबरोबर लिहीन. मला त्याचा सराव हवा आहे.