भैरवाची बशी आणि आमची भाटी

उज्जैनच्या भैरवगढात काळभैरवाला मद्याचा नैवेद्य दाखवतात. पुजारी बशीत मद्य ओतून मूर्तीच्या ओठांशी धरतो, बशी रिकामी होते, आणि बाटलीतले उरलेले भक्ताला प्रसाद म्हणून मिळते. या देवाला शिंदे घराण्याची पगडी चढते, त्यामुळे मराठी माणसाला तो परका नाही. १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन महापालिकेच्या हद्दीतली दारूची दुकाने बंद झाली. नैवेद्य मात्र थांबला नाही.

आमच्या गोव्यातही राखणदाराला सोरो देतात, त्यामुळे मला त्या बशीचे नवल वाटत नाही. विचार येतो तो बाटलीतल्या मालाचा. आपल्याकडची बहुतेक स्वस्त व्हिस्की-रम मळीच्या मद्यार्कापासून होते, आणि तो मद्यार्क उंच स्तंभांत अखंड गाळला जातो. एका बाजूने आंबवण आत, दुसऱ्या बाजूने मद्यार्क बाहेर. कॉफी नावाच्या आयरिश माणसाने १८३० साली अशा यंत्राचे पेटंट घेतले. बियरच्या बाबतीत न्यूझीलंडच्या मॉर्टन कूट्स यांनी १९५६ साली तसेच केले. पिंप भरा, आंबवा, रिकामे करा, धुवा, हा खटाटोप गेला. रस वाहतच राहिला. पण त्यात जंतू शिरला की सगळा प्रवाहच नासतो, आणि एकाच चवीचा माल बारमाही खपत असेल तरच हे परवडते. म्हणून अनेकांनी ती पद्धत सोडून दिली.

आता फेणीकडे पाहा. बोंडू कोळंबीत तुडवायचे, नीरो आंबवायचा, भाणात घालून आधी हुर्राक काढायचा, तो पुन्हा गाळून फेणी. प्रत्येक भाण वेगळे चढते नि वेगळे उतरते. काजूचा हंगाम दोन-तीन महिन्यांचा, तिथे अखंड चालवायचे काय? २००९ साली काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ साली गोवा सरकारने तिला वारसा पेय ठरवले. त्यानंतर ‘उत्पादन वाढवा, एकसारखी चव द्या’ असा सूर ऐकू येतो.

माझे मत स्पष्ट आहे. स्वच्छता हवी, मोजमाप हवे, भाटीकाराला दर हवा. उत्पादन वाढवायचे तर भाट्या वाढवा, भाटीचा कारखाना करू नका. स्तंभातून एकसारखी उतरलेली फेणी खपेलही, पण तिच्यात बोंडूचा वास उरणार नाही, आणि डोंगरातल्या भाटीकाराचे कामही जाईल. मग वारसा म्हणून आपण नेमके काय जपले?