पांढरीतील हाडे आणि आपले पशुधन

काळी आणि पांढरी हे शब्द आपल्या खेड्यांत पूर्वापार चालत आले आहेत. पिकाची जमीन ती काळी व वस्तीची जमीन ती पांढरी. माणसे आणि जनावरे एकाच जागी शेकडो वर्षे राहिली, चुलींची राख, शेण, पडक्या भिंतींची माती व खरकटे तेथेच साचत गेले, म्हणजे त्या जागेची माती भुरकट पांढरी होते व तिचे टेकाड बनते. नाशिक जिल्ह्यात गोदावरी, गिरणा आदी नद्यांच्या काठी अशी जुनी, ओसाड टेकाडे आढळतात. धाब्याच्या घरांसाठी आणि शेतात खत म्हणून ही माती गाड्या भरून नेण्याची रीतही जुनीच आहे. मात्र आता बैलगाडीच्या जागी ट्रॅक्टरची ट्रॉली आणि कुदळीच्या जागी जेसीबी आला आहे. जे टेकाड झिजण्यास पूर्वी दोन पिढ्या लागत, ते आज काही दिवसांत सपाट होऊ शकते. मातीबरोबर निघणारी हाडे बांधावर फेकली जातात अथवा खतात जातात.

ही हाडे आता फेकून देण्याजोगी राहिलेली नाहीत, आणि ती वाचविण्याचे काम संशोधकाच्या आधी शेतकऱ्याच्या व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याच्या हाती आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे येथे मांडावयाची आहेत.

नाशिक शहरातील गोदाकाठच्या मातीच्या गढीचे उत्खनन 1950-51 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. शां. भा. देव यांनी केले. त्याच सुमारास प्रवरेकाठी संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथेही त्यांनी खोदकाम केले. त्या गावाच्या नावावरूनच सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या आपल्या आद्य शेतकऱ्यांच्या संस्कृतीला ‘जोर्वे संस्कृती’ हे नाव पडले. पुढे शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे 1968 पासून अनेक वर्षे उत्खनन झाले. तेथे धान्याचे दाणे, घरांच्या जमिनी व पाण्याच्या पाटाबरोबरच गाय-बैल, शेळ्या-मेंढ्या आणि हरणे यांची हाडे मिळाली. पाऊसमान घटल्यावर शेती खालावली, लोक मेंढपाळी व शिकारीकडे अधिक वळले आणि अखेरीस गाव उठले, असा निष्कर्ष डॉ. म. के. ढवळीकर यांनी या पुराव्यावरून काढला. अवर्षणाने गाव कसे मोडते हे आपणास निराळे सांगावयास नको. ते तीन हजार वर्षांपूर्वीही घडले, याची साक्ष पांढरीने दिली.

हाडाच्या आकारावरून जनावर कोणते, त्याचे वय काय, त्यावर सुरीचे घाव आहेत काय, इतके कळते. परंतु इनामगावचा बैल आजच्या खिल्लाराचा पूर्वज की डांगीचा, हे आकारावरून ठरविता येत नाही. हे काम आता डीएनएच्या परीक्षेने होऊ शकते. प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए नावाचे अतिसूक्ष्म द्रव्य असते. बियाण्यात जसा साऱ्या पिकाचा स्वभाव साठविलेला असतो, तसा जनावराचा वंश, रंग, बांधा आणि रोगास तोंड देण्याची शक्ती यांविषयीचा मजकूर या द्रव्यात असतो. जनावर मेल्यानंतर त्याचे तुकडे होत जातात, तरी काही तुकडे हाडांत व दातांत दीर्घकाळ टिकतात. 1984 साली, आफ्रिकेतील झेब्य्रासारख्या ‘क्वाग्गा’ या नामशेष प्राण्याच्या संग्रहालयातील कातड्यातून असे तुकडे प्रथम वाचण्यात आले. आता तर हाड नसले तरी चालते. ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतूनच सुमारे वीस लाख वर्षांपूर्वीच्या वृक्षांचा, सशांचा आणि हत्तीच्या जातीच्या एका लुप्त प्राण्याचा मागोवा संशोधकांनी 2022 साली प्रसिद्ध केला. ज्या ठिकाणी आज झाडाचे नाव नाही, तेथे एकेकाळी वन होते, हे मूठभर मातीने सांगितले.

यात शेतकऱ्याचा काय लाभ, असा प्रश्न रास्तच होय. त्याचे उत्तर वशिंडाच्या बैलात आहे. पश्चिम आशियातील 67 प्राचीन गुरांच्या डीएनएचा अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. तेथील गुरे मूळची बिनवशिंडाची. परंतु सुमारे 4,200 वर्षांपूर्वी, म्हणजे दीर्घ अवर्षणाच्या काळी, त्यांच्यात आपल्या उपखंडातील वशिंडाच्या जातीचे रक्त झपाट्याने मिसळलेले दिसते. आईकडून येणारा वंश मात्र बहुतांशी जुनाच राहिला. यावरून असे दिसते की, तेथील पशुपालकांनी आपल्या गाई ठेवून वशिंडाचे वळू आणविले, कारण ते उष्णता व टंचाई सोसणारे होते. निवडक वळू लावून कळप सुधारण्याचे जे तत्त्व आपले पशुसंवर्धन खाते आज सांगते, तेच त्या निरक्षर गोपालांनी चार हजार वर्षांपूर्वी आचरले.

आपल्या जिल्ह्यातील इगतपुरी, त्र्यंबकेश्वर व पेठ भागांतील डांगी गुरे मुसळधार पावसात चिखलात राबतात. त्यांच्या तेलकट कातडीवर पाणी ठरत नाही. हा गुण किती जुना, तो कोणत्या वंशातून आला, या प्रश्नांची उत्तरे जुन्या हाडांशी ताडून पाहिल्यासच मिळतील. संकरीकरणाने देशी जाती विरळ होत असता, आपण काय गमावीत आहोत याचा हिशेब मांडण्यास मूळ जमा किती होती हे ठाऊक असावे लागते. ती जमेची बाजू पांढरीत आहे.

रानच्या प्राण्यांविषयीही हेच म्हणता येईल. नांदूर मधमेश्वर येथे गोदावरीच्या जुन्या गाळात मिळालेल्या, आता लुप्त झालेल्या हत्तीच्या अवशेषांचे वर्णन 1905 साली प्रसिद्ध झाले. ते अवशेष इतके जुने आहेत की, त्यांत डीएनए उरला असण्याची आशा धरता येत नाही. प्रवरेकाठी दायमाबाद येथे 1974 साली एका ग्रामस्थास खणताना हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ अशी ब्राँझची चार शिल्पे सापडली. प्रवरेच्या खोऱ्यात त्या काळी गेंडा खरोखर वावरत होता काय? शिल्प दूरदेशाहून येऊ शकते, म्हणून शिल्पाने ते सिद्ध होत नाही. त्यास हाडाची साक्ष हवी. गुजरातेत लांघणज येथे गेंड्याचे खांद्याचे हाड मिळाले, तेव्हाच तेथे पूर्वी गेंडा असल्याची खात्री पटली.

येथे एक अडचण प्रांजळपणे सांगितली पाहिजे. डीएनए थंडीत टिकतो, उष्णतेत व ओल-वाळीच्या फेऱ्यांत नष्ट होतो. हरियाणातील राखीगढी येथील 61 मानवी सांगाड्यांचे नमुने तपासले, त्यांपैकी केवळ एकातून वाचण्याजोगा मजकूर हाती आला. तो 2019 साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडील उन्हाळा पाहता येथे यश याहून सोपे असेल असे समजू नये. परंतु याच कारणास्तव प्रत्येक हाडाचे मोल वाढते. साठांत एक नमुना उपयोगी पडत असेल, तर साठ जपल्यावाचून तो एक मिळणार नाही.

यास्तव पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. विहीर, शेततळे अथवा सपाटीकरणाच्या वेळी राख, खापरे व हाडे एकत्र निघाल्यास तेवढ्या जागेचे काम थांबवावे. हाडे जागची न हलविता त्याच मातीने झाकावीत. ती पाण्याने धुऊ नयेत, उन्हात वाळवू नयेत, उघड्या हातांनी हाताळू नयेत. आपल्या घामाचा व श्वासाचा अंश त्यांस लागला, तर जुना मजकूर झाकला जातो. गोठ्यात तर ती मुळीच ठेवू नयेत, कारण तेथे आजच्या गुरांचा अंश त्यांत मिसळतो. दात आणि कवटीतील कानाजवळचे टणक हाड यांत डीएनए सर्वांत चांगला टिकतो, म्हणून कवटी फुटू देऊ नये. नंतर तहसील कार्यालयास अथवा नाशिक येथील राज्य पुरातत्त्व विभागाच्या कार्यालयास कळवावे.

कळविले तर जमीन जाईल, काम अडेल, ही भीती शेतकऱ्याच्या मनात असते, आणि ती निराधार आहे असे म्हणून चालणार नाही. पेरणी तोंडावर आली असता आठ दिवसांचा खोळंबाही महाग पडतो. म्हणून संबंधित खात्यांचेही कर्तव्य आहे की, वर्दी मिळताच माणूस पाठवावा, नमुने घेऊन जागा शक्य तितक्या लवकर मोकळी करावी आणि काय सापडले ते गावाच्या चावडीवर येऊन सांगावे. ज्याच्या शेतातून ज्ञान निघाले, त्यास ते प्रथम कळले पाहिजे. एवढा विश्वास निर्माण झाला, तर दंडाच्या धाकाची गरज उरणार नाही.

काळीने आपणास अन्न दिले, म्हणून आपण तिची बांधबंदिस्ती करतो. पांढरीने आपल्या पूर्वजांचा व त्यांच्या गुराढोरांचा हिशेब जपून ठेवला आहे. काळीची झीज खताने व बांधाने भरून काढता येते. पांढरी एकदा ट्रॉलीत भरली गेली, की ती पुन्हा घडविता येत नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी आपापल्या गावची जुनी पांढर शेतकऱ्यांसमवेत पाहून ठेवावी, एवढीच विनंती आहे.