इम्प्लांट शिकवतात, पण हातानं करायला कधी मिळतं?

समजा, वाशिम जिल्ह्यातल्या शेलूबाजारमध्ये कुणाची खालची दाढ काढावी लागली. रिकाम्या जागेसाठी पर्याय तीन: काढता-घालता येणारा दात, शेजारचे दात घासून बसवलेला ब्रिज किंवा इम्प्लांट. पहिले दोन प्रकार दंतवैद्य कॉलेजातच शिकतात. इम्प्लांट मात्र अनेकांच्या वाट्याला तिथे फक्त व्याख्यानात येतो.

इम्प्लांट म्हणजे काय?

जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा छोटा स्क्रू. हाड त्याला घट्ट धरतं आणि मग त्यावर दात बसवतात. स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रॅनेमार्क यांनी १९६५ मध्ये असा उपचार पहिल्यांदा रुग्णावर केला. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी, खालचे सगळे दात गेलेल्यांसाठी दोन इम्प्लांटवर बसणारी कवळी हा पहिला पर्याय असावा, असं मत मांडलं.

मग कॉलेजात का शिकवत नाहीत?

बीडीएस म्हणजे चार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. इम्प्लांट अभ्यासक्रमात आहे, अडचण सरावाची आहे.

पहिलं कारण वेळ. स्क्रू बसवल्यावर हाड जुळायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. दात बसवायची वेळ येते, तोवर विद्यार्थी दुसऱ्या विभागात गेलेला असतो.

दुसरं कारण पैसा. दंत महाविद्यालयात लोक स्वस्त उपचारासाठी येतात. स्क्रू आणि त्याचे सुटे भाग महाग असतात. तो खर्च कुणी करायचा?

पदवीनंतर काय?

एक मार्ग तीन वर्षांच्या एमडीएसचा. दुसरा, पदरचे पैसे भरून केलेल्या छोट्या कोर्सचा. यातले काही कोर्स रुग्णांवर, देखरेखीखाली शिकवतात. काही प्लास्टिकच्या जबड्यावरच संपतात. प्रमाणपत्र मात्र दोन्हीकडे मिळतं.

रुग्णाला काय फरक पडतो?

खालच्या जबड्यात ओठाला संवेदना देणारी नस असते. ड्रिल चुकून तिच्यापर्यंत गेलं, तर ओठ बधिर होऊ शकतो. विदर्भात खर्रा खाणारे पुष्कळ. सुपारीमुळे तोंड उघडणंच कमी झालेलं असेल, तर मागच्या दाढेपर्यंत ड्रिल पोहोचतच नाही. धूम्रपान आणि आटोक्यात नसलेला मधुमेह यांमुळे इम्प्लांट अपयशी होण्याचा धोका वाढतो.

म्हणून प्रत्येक बीडीएसला स्क्रू बसवता आलाच पाहिजे असं नाही. पण कुणाला बसवू नये, कुणाला पुढे पाठवावं आणि बसवलेल्याची निगा कशी राखावी, हे यायलाच हवं. शेलूबाजारजवळून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयाकडे जाणं त्यामुळे सोपं झालं. पण इम्प्लांट मोठ्या शहरात करून आलेला माणूस हिरडी सुजल्यावर आधी जवळच्याच डॉक्टरकडे जाणार.

पुढे काय?

२०२३ च्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्यात पदवीच्या शेवटी देशभर एकच परीक्षा घेण्याची तरतूद आहे. त्या परीक्षेत इम्प्लांटची व्याख्या विचारली, तर मुलं व्याख्या पाठ करतील. रुग्ण तपासून निर्णय घ्यायला लावला, तर कॉलेजांना तेही शिकवावं लागेल.

तोवर रुग्णानं तीन प्रश्न विचारावेत: तुम्ही हे कुठे शिकलात? माझ्या हाडाचा स्कॅन पाहिलात का? आणि काही बिघडलं, तर मी कुणाकडे यायचं?