छत्री फिरवायला पोरांना वर पाठवू नका

जुलैमध्ये आमच्या वर्गातला एक मुलगा हात प्लास्टरमध्ये घालून आला. "सर, पावसात टीव्ही गेला. अब्बांनी छत्री नीट करायला वर पाठवलं, पत्र्यावरून घसरलो," म्हणाला. त्या दिवशी आम्ही धडा बाजूला ठेवला आणि उपग्रहाची गोष्ट सांगितली. ती घराघरांत कळायला हवी.

दूरदर्शनच्या फ्री डिशचे कार्यक्रम जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. तो ११ नोव्हेंबर २०१५ रोजी फ्रेंच गयानातल्या कौरू येथून एरियन-५ रॉकेटने वर गेला. त्याच रॉकेटमध्ये अरब देशांसाठीचा अरबसॅट-६बी हाही होता. म्हणजे इथला आणि आखातातल्या आपल्या माणसांकडचा टीव्ही दाखवणारे दोन उपग्रह एकाच गाडीचे प्रवासी!

जीसॅट-१५ चे उड्डाणावेळचे वजन ३,१६४ किलो. त्यावर २४ ट्रान्सपाँडर आहेत. जमिनीवरून आलेला संदेश घ्यायचा, वाढवायचा आणि परत खाली पाठवायचा, हे त्यांचे काम. तो विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असतो. तिथे तो सेकंदाला तीन किलोमीटरहून जास्त वेगाने धावतो. पण पृथ्वीही तेवढ्याच वेळात स्वतःभोवती फिरते, म्हणून आपल्याला तो एकाच जागी दिसतो. जागा ढळू नये म्हणून त्यात इंधनही असते. म्हणूनच महाराष्ट्रातली छत्री एकदा आग्नेयेकडे नीट बसवली की पुन्हा फिरवावी लागत नाही.

मग पावसात चित्र का जाते? हा उपग्रह केयू बँडमधल्या लहरी पाठवतो. त्यांची लांबी तीन सेंटीमीटरहूनही कमी. मुसळधार पावसाचे थेंब त्या शोषतात, विखुरतात. सर उतरली की चित्र आपोआप परत येते. मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहामागे येतो, तेव्हाही काही मिनिटे चित्र बिघडते. दोन्ही वेळा छत्रीचा दोष नसतो. उलट ती हलवली, तर पाऊस थांबल्यावरही चित्र येणार नाही.

आकाश मोकळे झाल्यावरही चित्र आले नाही, तर आधी घरातली वायर आणि सेटटॉप बॉक्सची जोडणी पाहा. वरचे काम असेल तर कोरड्या दिवशी जाणत्या माणसाला बोलवा.

मुलाचे अब्बा आम्हाला भेटले तेव्हा म्हणाले, "सर, आम्हाला वाटलं वाऱ्यानं छत्रीची दिशा चुकली." चूक दिशेची नव्हती, घाईची होती. मालिकेचा एक भाग बुडाला तर बुडू द्या. ओल्या पत्र्यावर पोराला चढवू नका.